पिंजऱ्यांतील फिंच पाखरें : ताजा आहार व पचनाची पारख

शेतकऱ्याच्या घरीं गाईगुरें, कोंबड्या, कुत्रेंमांजर हीं पूर्वापार असतातच. अलीकडे त्यांत आणखी एका लहानशा प्राण्याची भर पडली आहे. तालुक्याच्या बाजारास गेलेला मुलगा किंवा सुटींत पुण्यामुंबईहून आलेली नात फिंच नांवाच्या इवल्याशा पाखरांची जोडी घेऊन येते, ओटीवर पिंजरा टांगला जातो, आणि चार दिवसांची हौस सरली म्हणजे त्या पाखरांचें दाणापाणी घरांतील वडील माणसांच्या अंगावर येतें. काम वरवर पाहतां सोपें दिसतें. वाटींत दाणे घातले, भांड्यांत पाणी भरलें, कीं झालें. परंतु अशा रीतीनें ठेवलेलें पाखरूं एखाद्या सकाळीं पिंजऱ्याच्या तळाशीं मरून पडलेलें आढळतें, आणि घरचीं माणसें 'काल तर चांगलें होतें' असें म्हणून हळहळतात. वस्तुतः तें काल चांगलें नव्हतें. बहुधा आठ दिवसांपासून त्याचें पोट बिघडलेलें होतें, आणि त्याचा पुरावा रोज पिंजऱ्याच्या तळावर पडत होता. तो पाहण्याची मात्र कोणास सवय नव्हती. ही सवय कशी लावावी, व मुळांत पोट बिघडूं नये म्हणून खावयास काय घालावें, या दोन गोष्टींचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

पाखरें कोणतीं?

बाजारांत फिंच म्हणून मिळणाऱ्या पाखरांत मुख्य जाती दोन. पहिली झेब्रा फिंच. लाल चोच, करडें अंग आणि नराच्या गालावर नारिंगी ठिपका ही तिची खूण. ही मूळची ऑस्ट्रेलियांतील. दुसरी बेंगलीज फिंच. नांव बंगालचें असलें तरी ही जात रानांत कोठेंच सांपडत नाहीं. आपल्या कोंकणांत व सह्याद्रींत दिसणारी जी पांढऱ्या पाठीची मनोली, तिच्याच चीनकडील भाऊबंदांस माणसाळवून जपानी लोकांनीं अठराव्या शतकापासून ही जात तयार केली. म्हणजे नात्यानें ती आपल्या घरचीच आहे.

तथापि या नात्याचा आधार घेऊन शेतांत उतरणाऱ्या मनोल्या धरून पिंजऱ्यांत घालूं नयेत. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यान्वयें देशी रानपाखरें धरणें, विकणें अथवा बाळगणें हा गुन्हा आहे. लाल मनोलीचें इंग्रजी नांव अहमदाबाद शहराच्या नांवावरून पडलें, कारण एके काळीं तिचा व्यापार तेथून चालत असे. आज तो व्यापार बेकायदेशीर आहे. या लेखांतील सर्व सूचना पिंजऱ्यांतच पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या परदेशी व माणसाळलेल्या जातींपुरत्या आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ताजें अन्न कां?

झेब्रा फिंचच्या मूळच्या प्रदेशांत पावसाचा नेम नसतो. पाऊस पडला म्हणजे गवत वाढतें, त्यास तुरे येतात, आणि बीं भरूं लागलें कीं हीं पाखरें घरटीं बांधतात. पिलांस तीं मुख्यतः अर्धें पिकलेलें, दुधाळ बीं भरवितात. ज्यास आपण हुरडा म्हणतों तीच ही अवस्था. वाळलेला दाणा हें त्यांचें टंचाईच्या दिवसांतील अन्न होय. आपण पिंजऱ्यांत बारा महिने तेंच घालतों, म्हणजे त्यांस कायमच्या दुष्काळांत ठेवतों.

कोरड्या दाण्यांत पिष्ट पुष्कळ; परंतु अ जीवनसत्त्व व चुना अत्यल्प, आणि प्रथिनेंही सर्व प्रकारचीं नसतात. त्यामुळें पाखरूं दिसावयास गुबगुबीत असलें तरी आंतून पोकळ राहतें. चुन्याच्या अभावीं मादीचें अंडें अडतें व ती एका दिवसांत दगावते. अ जीवनसत्त्वाच्या अभावीं तोंडापासून आंतड्यापर्यंतचें अस्तर दुबळें होतें आणि रोगजंतूंस वाट मिळते. ताजें अन्न ही चैन नव्हे. पचनेंद्रियांची ती डागडुजी आहे.

काय घालावें व किती?

झेब्रा फिंचचें वजन साधारणतः १२ ते १५ ग्रॅम असतें व तें दिवसाकाठीं सुमारें ३ ग्रॅम दाणा खातें. आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाइतकें अन्न ज्यास रोज लागतें, त्यास एका दिवसाचा उपासही जड जातो. म्हणून मुख्य आहार दाण्याचाच ठेवावा व ताजें अन्न सुमारें पांचव्या हिश्शापर्यंत असावें.

दाण्यांत राळे सर्वांत उत्तम. दुकानांत 'कांगणी' म्हणून चढ्या भावानें जी मिळते ती म्हणजे आपले राळेच. २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें, त्या निमित्तानें ज्या शेतकऱ्यांनीं राळ्याचें व वरीचें बियाणें पुन्हां मिळविलें असेल त्यांस पाखरांसाठीं बाजारांत जावयाचें कारण नाहीं. राळ्यांत वरी व थोडी नाचणी मिसळावी. येथें एक सावधगिरी हवी. फिंच दाणा सोलून खातें व टरफल वाटींतच टाकतें. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यांत भुसाच असतो, आणि भरल्या वाटीपुढें पाखरूं उपाशी मरतें. याकरितां रोज सकाळीं वाटीवर फुंकर घालून भुसा उडवावा आणि मगच दाणे किती उरले तें पाहावें.

ताज्या अन्नाचे प्रकार पुढीलप्रमाणें आहेत.

हिरवी कणसें : राळ्याचें अगर वरीचें दुधावर आलेलें कणीस सर्वांत श्रेष्ठ. एका जोडीस एक लहान कणीस पुरे.

पाला : कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मोहरीचीं कोंवळीं पानें. दोन पाखरांस दोन बोटें रुंदीचें एक पान भरपूर झालें. पालक, माठ व चुका यांतील आम्ल चुन्यास बांधून ठेवतें, म्हणून तीं पानें क्वचितच घालावीं. काकडींत बहुतेक पाणीच असतें. उन्हाळ्यांत एखादी चकती ठीक, पण तिच्यावर पाखराचें पोषण होत नाहीं. गाजर किसून चिमूटभर द्यावें.

मोड आलेले दाणे : राळे आठ ते बारा तास भिजवावे, चाळणींत दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवावे, आणि पांढरा अंकुर दिसूं लागतांच द्यावे. हुंगून पाहावे. ताज्या मातीसारखा वास आला तर ठीक. आंबूस किंवा कुबट वास आला तर सर्व टाकून द्यावे. त्यांत काटकसर करूं नये.

अंडें व चुना : दहा मिनिटें उकडलेलें कोंबडीचें अंडें कवचासकट कुस्करून आठवड्यांतून एक-दोन वेळां चिमूटभर द्यावें, पिलें असतां रोज द्यावें. उकळून, वाळवून चुरलेलें अंड्याचें कवच अथवा समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यांत सदैव असावा. ज्या घरांत अंडें चालत नाहीं त्यांनीं मोडाचे दाणे थोडे वाढवावे व पाखरांस घरटें देऊं नये. कारण प्रथिनें व चुना यांची बेगमी केल्याशिवाय मादीस अंड्यावर आणणें म्हणजे खताशिवाय दुबार पीक घेण्यासारखें आहे.

उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत ओलें अन्न दोन तासांनंतर पिंजऱ्यांत राहूं देऊं नये. तें सकाळीं घालावें, दुपारीं किंवा संध्याकाळीं नव्हे. नवा पदार्थ एका वेळीं एकच सुरू करावा व तीन-चार दिवस पाहून मग दुसरा घ्यावा. एकदम चार पदार्थ घातले आणि पोट बिघडलें, तर दोष कोणाचा हें कळावयास मार्ग राहत नाहीं.

कांहीं पदार्थ मुळींच देऊं नयेत. हल्लीं बागाईतदार लावूं लागले आहेत तें अव्होकॅडोचें फळ व त्याचीं पानें पाखरांस विषारी आहेत. चॉकलेट, चहा, कॉफी, मद्य, मीठ घातलेलें अन्न, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, टोमॅटोचीं व बटाट्याचीं पानें हींही वर्ज्य समजावीं. दूध पाखरांस पचत नाहीं.

शेतांतील विष

शहरांतील हौशी माणसास पाला विकत घ्यावा लागतो, तो आपल्या दारांत आहे. पण शेतकऱ्याच्या घरच्या पाखरास जो धोका आहे तो शहरांत कमी. तो म्हणजे औषधाचा. आमच्या पाहण्यांतील एका बागाईतदाराच्या घरीं पेरणींतून उरलेली बाजरी पिशवींतून काढून स्वयंपाकघरांतील डब्यांत ठेवली गेली. सुनेनें त्यांतील मूठभर पाखरांस घातली. दुपारपर्यंत चारही पाखरें गेलीं. दोष त्या बाईचा नव्हे. पिशवीवरची सूचना पिशवीबरोबर ज्यानें टाकून दिली त्याचा. बियाण्यास इमिडाक्लोप्रिडसारखें कीटकनाशक चोळलेलें असतें, व तें ओळखूं यावें म्हणून दाण्यास गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग देतात. चिमणीएवढ्या पाखरास असे थोडेसे दाणेही घातक ठरूं शकतात. आणि धुतल्यानें रंग गेला म्हणजे विष गेलें असें नव्हे.

पाल्याचेंही तसेंच. अंतरप्रवाही औषध झाडाच्या रसांत शिरतें, तें पाण्यानें धुवून निघत नाहीं. डब्यावरील त्रिकोणाचे लाल, पिवळा, निळा व हिरवा हे चार रंग विषाची उतरती पायरी दाखवितात. हिरवा त्रिकोण पाहून पुष्कळ लोक 'हें निर्धोक आहे' असें समजतात. तसें नाहीं, तें कमी विषारी आहे इतकाच त्याचा अर्थ. फवारणी व काढणी यांमध्यें जे दिवस जाऊं द्यावयास सांगितलेले असतात, ते माणसाच्या वजनाच्या हिशेबानें ठरविलेले असतात, पंधरा ग्रॅमांच्या पाखराच्या नव्हे. म्हणून फवारलेल्या शेतांतील पाला पिंजऱ्यांत घालूंच नये.

तिसरें विष बुरशीचें. ओल लागलेला भुईमूग, मका किंवा इतर धान्य यांवर जी पिवळट हिरवी बुरशी येते तिच्यापासून ॲफ्लाटॉक्सिन नांवाचें विष होतें व तें यकृत नासवितें. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लाख टर्की पक्षी एकाएकीं मेले. शोध करतां ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडींत हें विष सांपडलें. तेव्हांपासूनच जगास त्याची ओळख झाली. पावसाळ्यांत पाखरांचा दाणा महिन्यापुरताच घ्यावा, उन्हांत खडखडीत वाळवावा व घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा. किंचित् कुबट वास आला तरी टाकून द्यावा.

पचनाची पारख

आतां दुसऱ्या भागाकडे वळूं. रानांत दुबळें दिसणारें पाखरूं शिकाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतें, म्हणून आजार लपविणें हा पाखरांचा स्वभाव आहे. तें लपवूं शकत नाहीं अशी एकच वस्तु, ती म्हणजे विष्ठा. पिंजऱ्याच्या तळाशीं छापील वर्तमानपत्राऐवजीं कोरा पांढरा कागद घालावा व तो रोज सकाळीं बदलतांना उजेडांत नीट पाहावा.

निरोगी विष्ठेंत तीन भाग असतात. मधला गडद हिरवा किंवा तपकिरी, वळलेला भाग ही खरी विष्ठा. तिच्यावरची खडूसारखी पांढरी टोपी हा मूत्राचा घट्ट भाग. भोंवतालचा थोडासा ओलावा हें पातळ मूत्र. हे तिन्ही भाग वेगवेगळे ओळखूं येत असतील तर पोट ठीक आहे.

पाला किंवा काकडी खाल्ल्यावर भोंवतालचें पाणी वाढतें, परंतु मधला भाग वळलेलाच राहतो. ही हगवण नव्हे. कांहीं तासांत तें पूर्ववत् होतें. बीट खाल्लें तर तांबूस, पाला खाल्ला तर हिरवट रंग येतो, तोही स्वाभाविक. अंड्यावर बसलेल्या मादीची विष्ठा व रात्रभर थांबलेली सकाळची पहिली विष्ठा मोठी असते, त्याचीही भीति बाळगूं नये. अन्न बदललें नसतां जो बदल होतो तो मात्र गंभीर समजावा.

मधला भागच पातळ, पसरट, फेसाळ किंवा दुर्गंधीयुक्त झाला व गुदाभोंवतीं पिसें चिकटूं लागलीं, तर ती खरी हगवण. टोपी पिवळी किंवा हिरवी झाली तर यकृताचा विकार संभवतो. विष्ठा डांबरासारखी काळी झाली तर आंत रक्तस्राव असूं शकतो. विष्ठेंत दाणे न पचतां सबंध बाहेर पडूं लागले व पाखरूं सारखें खात असूनही रोडावत चाललें, तर मॅक्रोरॅब्डस नांवाच्या जठरांतील बुरशीचा संशय घ्यावा. कोंबड्या पाळणारांस कॉक्सिडियांचा रोग ठाऊक असतो. त्याच वर्गाचे जंतु फिंचमध्येंही आढळतात, मात्र विष्ठेंत रक्त दिसेलच असें नाहीं. विष्ठा अगदींच कमी झाली तर पाखरूं खात नाहीं, असा सरळ अर्थ आहे.

विष्ठेबरोबर वजनही पाहावें. ग्रॅमाचा दहावा भाग दाखविणारा लहान काटा हल्लीं सर्वत्र मिळतो. पाखरूं छोट्या डबींत घालून आठवड्यांतून एकदां, एकाच वेळीं, सकाळीं वजन करावें. १५ ग्रॅमांचें पाखरूं १३॥ ग्रॅमांवर आलें तर केवळ दीड ग्रॅम गेला असें समजूं नये. साठ किलोंच्या माणसाचे सहा किलो उतरले असें समजावें. काटा नसेल तर छातीच्या मधल्या हाडावरून हलकेंच बोट फिरवावें. दोहोंकडे मांस भरलेलें असावें. हाड विळ्याच्या धारेसारखें लागूं लागलें तर वजन उतरलें.

याची नोंद ठेवावी. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, तेथें शिकलेली एक गोष्ट येथें उपयोगी आहे : ज्या दिवसाची नोंद त्या दिवशींच करावी, आठवणीनें भरलेली नोंद ही नोंद नव्हे. वहींत तारीख, वजन, कोणतें ताजें अन्न किती घातलें, विष्ठा कशी, असे चार रकाने आंखावे. दोन ओळींचें काम आहे. पण आजार आला म्हणजे केव्हांपासून व कशानें, याचें उत्तर त्याच वहींत सांपडतें.

आजार दिसल्यावर

पिसें फुलवून, डोळे मिटून दिवसा बसलेलें, दांडीवरून उतरून तळाशीं राहिलेलें पाखरूं आजारी आहे. तें लगेच वेगळें करावें व ऊब द्यावी. पिंजऱ्याच्या एका बाजूस तारेचा ४० वॅटचा दिवा लावून तेथें सुमारें ३० अंश सेल्सिअस उष्णता ठेवावी. दुसरी बाजू थंड असावी, म्हणजे पाखरास हवें तेथें बसतां येईल. एलईडी दिव्यानें ऊब मिळत नाहीं. पाला, मोड व अंडें एक दिवस बंद करावें; पण माणसाच्या हगवणींत लंघन करतात तसें दाणापाणी तोडूं नये. राळे व उकळून निववलेलें पाणी त्याच्या चोचीजवळ ठेवावें.

कोंबड्यांसाठीं घरांत असलेलें औषध अंदाजानें पाण्यांत टाकणें हा पुष्कळांचा पहिला उपाय असतो. तो टाळावा. दोन किलोंची कोंबडी पंधरा ग्रॅमांच्या फिंचहून सुमारें १३० पट जड आहे. एका थेंबाची चूक येथें प्राणघातक होते. शिवाय बुरशीवर जंतुनाशक चालत नाहीं, उलट तें बुरशीस मोकळें रान करून देतें. ताजी विष्ठा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घेऊन, कोरडी होण्यापूर्वीं, नोंदवहीसह पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावी व सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्याची विनंति करावी. तेथील डॉक्टर बहुधा गुराढोरांचे काम करणारे असतात, तरी पाखरूं न नेतां विष्ठा व लेखी माहिती नेली तर त्यांसही निदानास मदत होते.

नवें पाखरूं आणल्यास तें महिनाभर वेगळ्या खोलींत ठेवावें. विशेषतः बेंगलीज फिंच स्वतः निरोगी दिसूनही दुसऱ्या जातींस बाधणारे आंतड्याचे जंतु बाळगून असतें. त्याच्या भांड्यांस लावलेला हात साबणानें धुतल्याशिवाय दुसऱ्या पिंजऱ्यास लावूं नये.

एक वाफा

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष एका लहानशा कृतींत सांगतां येईल. परसांत, फवारणीचा वारा पोंचणार नाहीं अशा बाजूस, हातभर रुंद व चार हात लांब असा एक वाफा राखावा. त्यांत एका कडेस राळे, दुसरीकडे कोथिंबीर व मेथी दर पंधरा दिवसांनीं थोडी थोडी पेरावी. शेणखताखेरीज त्यांत कांहीं घालूं नये व कोणतेंही औषध मारूं नये. कीड पडली तर हातानें वेंचावी. थोडीं पानें किडीनें खाल्लीं तर खाऊं द्यावीं.

हा वाफा पाखरांसाठीं केला असला तरी अनुभव असा येतो कीं, घरांतील बाया कोथिंबीर खुडावयास लवकरच तिकडे वळूं लागतात. त्यांस कोणी सांगावें लागत नाहीं. पाखरास घालावयास जो पाला आपण भितों, तोच आपण नातवंडांच्या ताटांत वाढतों व बाजारच्या टोपलींत भरून परक्याच्या घरीं पाठवितों, ही गोष्ट पिंजऱ्याचा कागद रोज पाहणाऱ्या माणसाच्या मनांत एकदां आली म्हणजे सहसा जात नाहीं. शेतकरी बंधूंनीं येत्या हंगामांत वाफा व वही यांचा प्रयोग करून पाहावा, आणि कोणतें अन्न पाखरांस मानवलें, कोणतें नाहीं, याच्या लेखी नोंदी आपल्या शेजाऱ्यासही दाखवाव्या, इतकीच आमची सूचना आहे.